ब्लूटूथ कनेक्ट झालं, पण आवाज नाही? आधी त्यालाच बोलतं करा

इअरबड डबीतून काढा, कानात घाला आणि गाणं लावायच्या आधी दोन-तीन सेकंद नुसते ऐका. बहुतेक बड्स सुरू होताना स्वतःच काहीतरी बोलतात. कुणाचा ‘टुंग’ असा सूर येतो, कुणात एखादी बाई ‘पॉवर ऑन’ आणि मग ‘कनेक्टेड’ म्हणते. हा आवाज फोनमधून येत नाही, तो बडच्या आतल्या चिपमध्येच भरलेला असतो. तो स्पष्ट ऐकू आला तर त्या बडची बॅटरी, स्पीकर आणि त्यावरची जाळी ठीक आहेत, भानगड फोनकडं आहे. तोच ऐकू आला नाही, तर फोनच्या सेटिंगमध्ये तासभर बोटं घासून काही होणार नाही, बडकडंच बघावं लागेल.

एवढी एक परीक्षा घरी करून आलात तरी माझं अर्धं काम होतं. नागपुरात सीताबर्डीला मोदी नंबर तीनच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे. दुपारी चारनंतर बर्डीवर गर्दी वाढली की कुणी ना कुणी डबी पुढं सरकवतंच: “ताई, कनेक्ट तं होऊन राहिलं, पण आवाजच नाही येऊन राहिला.” यातली बरीच मंडळी रात्रभर व्हिडिओ पाहून फोन फॅक्टरी रीसेट करून आलेली असतात. फोटो गेले, बँकेची अॅपं पुन्हा टाकावी लागली, आवाज मात्र आला नाही तो नाहीच. कारण ‘कनेक्टेड’ म्हणजे फोन आणि बड यांची ओळख पटली, इतकंच. आवाज पाठवायचा का, कुठं पाठवायचा, किती मोठा पाठवायचा, हे फोन त्यानंतर वेगळं ठरवतो.

ती सुराची परीक्षा करताना एक सांभाळा. काही मॉडेलमध्ये सूर एकाच बडमधून येतो, म्हणून दोन्ही एकदम काढून निकाल लावू नका. उजवा डबीत राहू द्या, डावा एकटा काढून ऐका. मग उलट करा.

सूर येतो, गाणं येत नाही

आवाजाच्या बटणापासून सुरुवात करा. हसू नका, यात शिकलेली माणसंही फसतात. गाणं चालू असतानाच बटण दाबायचं. गाणं बंद असताना दाबलं तर काही फोनमध्ये रिंगचा आवाज वाढतो आणि आपल्याला वाटतं, फुल्ल तर आहे की! शिवाय अँड्रॉइड फोन ब्लूटूथचा आवाज वेगळा लक्षात ठेवतो. स्पीकरवर गाणं दणदणीत वाजत असलं, तरी बडसाठीची पट्टी शून्यावर असू शकते. बऱ्याच बड्सना बोट लावूनही आवाज कमी-जास्त करता येतो. स्कूटीवर बसण्याआधी तोंडाला दुपट्टा बांधताना किंवा हेल्मेट चढवताना तिथं बोट लागतं, आणि मग ‘आपोआप बंद झालं’ अशी तक्रार येते.

पट्टी पूर्ण वर आहे आणि आवाज मुंगीएवढा किंवा काहीच नाही, असं असेल तर फोन आणि बडचं आवाजाच्या हिशोबावरून जुळत नसावं. अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचक्या मारा, म्हणजे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतील. तिथं ‘डिसेबल अॅब्सोल्यूट व्हॉल्यूम’ आहे, ते चालू करा, बड एकदा तोडून पुन्हा जोडा. आता फोनचा आवाज वेगळा आणि बडचा वेगळा चालेल. मात्र जोडल्यावर लगेच कानात घालू नका. आधी फोनची पट्टी खाली आणा, नाहीतर कानठळ्या बसतात. त्या पानावर बाकी कशाला हात लावू नका.

आता घड्याळ. गेल्या काही वर्षांत कॉलिंगवाली स्वस्त स्मार्टवॉच घराघरात आली आणि माझ्याकडच्या ‘आवाज नाही’वाल्यांमध्ये घड्याळवाल्यांची भर पडली. या घड्याळात छोटा स्पीकर असतो. फोनला ते घड्याळही ब्लूटूथचा स्पीकरच वाटतं. घड्याळ आणि बड दोन्ही जोडलेले असले, की फोन गाणं दोघांपैकी एकाकडं पाठवतो, आणि तो एक बडच असेल याची खात्री नाही.

मानेवाड्याकडच्या एक काकू आल्या होत्या. सकाळी फिरताना अभंग ऐकायचे म्हणून बड घेतलेले, नवेकोरे. कनेक्टेड दाखवत होतं, चार्जिंग भरपूर, डाव्या-उजव्या दोन्हींत सूर वाजत होता. मी त्यांच्या फोनवर अभंग लावला आणि दुकानात कुठूनतरी बारीक आवाजात टाळ वाजायला लागले. बाजूच्या कव्हरवाल्यानं मान वर केली. आवाज काकूंच्या पर्समधून येत होता. मुलानं दिलेलं घड्याळ पट्टा टोचतो म्हणून त्यांनी काढून रुमालात गुंडाळून ठेवलं होतं आणि अभंग तिथं रंगात आला होता. “बाप्पा! म्हणजे रोज सकाळी हे पर्समध्येच गाऊन राहिलं होतं का?” काकू म्हणाल्या.

उपाय सोपा आहे. अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथच्या यादीत घड्याळाच्या नावापुढं दातेरी चाक असतं, ते दाबा. ‘कॉल्स’ आणि ‘मीडिया ऑडिओ’ असे दोन खटके दिसतील. घड्याळाचा ‘मीडिया ऑडिओ’ बंद करा. काही घड्याळं यादीत दोन नावांनी दिसतात. ज्या नावाखाली हे खटके आहेत, तेच आपल्या कामाचं. पावलं मोजणं आणि मेसेज दाखवणं दुसऱ्या जोडणीवरून चालतं, ते बंद पडत नाही. गाडीचा स्टिरिओ, घरचा साउंडबार, हेल्मेटमधलं ब्लूटूथ, यांचंही असंच. कार पोर्चमध्ये चालू असेल आणि तुम्ही हॉलमध्ये बसून बडला शिव्या देत असाल, तर गाणं कदाचित पोर्चमध्ये वाजत असेल.

आवाज नक्की कुठं जातोय हे बघायची सरळ जागाही आहे. गाणं चालू ठेवून वरून पडदा खाली ओढा. नव्या अँड्रॉइडमध्ये गाण्याच्या चौकटीत एका कोपऱ्यात ‘फोन स्पीकर’ किंवा बडचं नाव लिहिलेलं असतं. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते, तिथून बड निवडा. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटर उघडून गाण्याच्या चौकटीतलं एअरप्लेचं चिन्ह दाबा.

इथवर करूनही गप्प असेल तर कुणालातरी फोन लावा. घरच्याच माणसाला, उगीच कुणाला दुपारी झोपेतून उठवू नका. कॉलचा आवाज आणि गाण्याचा आवाज ब्लूटूथमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी जातो. कॉलसाठीची पद्धत दुतर्फा असते, माइकही चालतो आणि आवाजाचा दर्जा बेताचा. गाण्याची एकतर्फी असते आणि दर्जा चांगला. वर सांगितलेले दोन खटके याच दोन पद्धतींचे. म्हणून कॉलमध्ये समोरचा माणूस ऐकू येतो आणि गाणं मात्र नाही, असं असेल तर बडच्याच नावापुढचा ‘मीडिया ऑडिओ’ बंद असणार. चालू करा. तो खटका चालू होऊन आपोआप परत बंद होत असेल, तर जुनी जोडणी बिघडली आहे, ती मोडून नव्यानं करावी लागेल. गाणी येतात, कॉल येत नाही, तर ‘कॉल्स’चा खटका बघा.

काही वेळा दोष एकाच अॅपचा असतो. यूट्यूब वाजतंय आणि इन्स्टाग्रामची रील मुकी, तर बड निर्दोष आहे, रीलचा आवाज चालू करा. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज ऐकताना फोन कानाजवळ गेला, की आवाज फोनच्या कानाच्या स्पीकरकडं वळू शकतो, म्हणून तो ऐकताना फोन लांब धरा. सॅमसंगमध्ये ‘सेपरेट अॅप साउंड’ नावाची सोय आहे. तिनं एखाद्या अॅपचा आवाज मुद्दाम दुसऱ्या उपकरणाकडं पाठवता येतो. घरातल्या पोरानं ती कधीतरी चालू करून ठेवलेली असते.

जोडणी मोडून नव्यानं करणं

हे लोक अर्धवट करतात. ब्लूटूथ बंद-चालू करणं म्हणजे जोडणी मोडणं नव्हे. बडच्या नावापुढचं चाक दाबून ‘फर्गेट’ करायचं, आयफोनमध्ये ‘आय’च्या गोलातून ‘फर्गेट धिस डिव्हाइस’. मग फोन एकदा बंद करून सुरू करायचा. आणि बडच्या डोक्यातूनही जुनी ओळख पुसायची. ती पुसायची रीत मॉडेलप्रमाणं बदलते. कुठं डबीचं बटण धरून ठेवावं लागतं, कुठं दोन्ही बड डबीत ठेवून त्यांच्या टचवर दहा-पंधरा सेकंद बोट दाबावं लागतं. डबीसोबतच्या चिटोऱ्यावर ते चित्र काढून दिलेलं असतं, पण आपण तो कागद खोक्याबरोबर पहिल्याच दिवशी टाकतो. मॉडेलचं नाव डबीच्या बुडाशी बारीक अक्षरात असतं, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून वाचा आणि कंपनीच्या साइटवरून रीत काढा.

नवी जोडणी शक्यतो घरी करा. कोचिंग क्लासच्या जिन्यात किंवा सीताबर्डी इंटरचेंजला ऑरेंज लाइनवरून अॅक्वा लाइनकडं जाताना करू नका. आजूबाजूला त्याच मॉडेलचे बड असले, की यादीत तेच नाव चार-चारदा दिसतं आणि तुम्ही भलत्याच्याच बडवर बोट ठेवता. घरातही दोघी बहिणींकडं एकसारखे बड असतात. जोडल्यावर लगेच नाव बदला: अँड्रॉइडमध्ये पेन्सिलचं चिन्ह, आयफोनमध्ये ‘आय’मधलं ‘नेम’. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक बडचं मी नाव बदलूनच देते. ‘सोनूचा काळा’ असलं नाव ठेवलं, की परत भांडण होत नाही.

दोन ठिकाणी एकदम जोडणारे बड आता स्वस्तातही मिळतात. त्यांचा त्रास असा, की लॅपटॉपवर एखादी जाहिरात आवाज न करता चालू असली, तरी बड तिकडंच अडकून राहू शकतो आणि फोनचं गाणं बाहेर थांबतं. लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद करा आणि बघा.

लॅपटॉपवरच आवाज येत नसेल तर विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जा. तिथं एकच बड पुष्कळदा दोन नावांनी दिसतो: ‘हेडफोन्स, स्टिरिओ’ आणि ‘हेडसेट, हँड्स-फ्री’. गाण्यासाठी स्टिरिओ निवडायचं. मीटिंगचं अॅप माइक मागतं, तेव्हा विंडोज हँड्स-फ्रीवर जातं आणि स्टिरिओवर चाललेलं गाणं फाटतं किंवा गप्प होतं. परसोडीच्या आयटी पार्कमधली पोरं हीच तक्रार घेऊन येतात. त्यांना मी सांगते, मीटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा आणि आवाज बडचा ठेवा, भांडण मिटतं.

एकाच कानात आवाज नसेल तर आणखी एक जागा बघा: फोनच्या सेटिंगमधल्या ‘अॅक्सेसिबिलिटी’तली डाव्या-उजव्याची पट्टी. ती एका टोकाला सरकली असेल तर दुसरा कान मुका. आयफोनमध्ये ती ‘ऑडिओ अँड व्हिज्युअल’खाली ‘बॅलन्स’ नावानं आहे. ती मधोमध आणा.

सूरच येत नाही

मग फोन खिशात टाका आणि बड उजेडात धरा.

रबर काढा. आत बारीक जाळी दिसेल. ती चंदेरी किंवा काळी दिसायला हवी. पिवळट, मेणचट, बुजलेली दिसली तर आवाज तिथंच मेला आहे. कानातला मळ गरमीनं मऊ होतो, जाळीत बसतो आणि गार झाला की घट्ट होतो. त्यावर आपल्याकडच्या उन्हाळ्यातला घाम आणि रस्त्याची धूळ. पूर्ण बुजेपर्यंत आवाज रोज थोडा थोडा कमी होत असतो, पण आपण पट्टी वाढवत राहतो आणि एक दिवस म्हणतो, ‘काल तं चांगलं होतं!’ डाव्या आणि उजव्याच्या आवाजात फरक जाणवू लागला, तीच वेळ साफ करायची.

जुना, मऊ, कोरडा टूथब्रश घ्या. लहान मुलांचा असला तर उत्तम. जाळीचं तोंड जमिनीकडं करा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडेल, आत जाणार नाही. हलक्या हातानं, एकाच दिशेनं. घाई केली तर मळ आणखी आत दाबला जातो. थोडं झटकलं, की कागदावर टिचकी मारून बघा, बारीक भुकटी पडलेली दिसते. टाचणी, सुई, सिमचा डबा उघडायची पिन यातलं काही जाळीला लावायचं नाही. जाळी फाटली की मागं स्पीकरचा पातळ पडदाच असतो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. पाणी, स्पिरिट, सेंट जाळीवर ओतायचं तर नाहीच नाही. रबरं मात्र साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, आणि पार वाळल्यावरच बसवा. काही रबरांना आतून त्यांची स्वतःची जाळी असते. कधी बड साफ असतो आणि रबर बुजलेलं असतं. म्हणून रबर काढून, बड नुसता कानाजवळ धरून ऐकायची सवय ठेवा.

चार्जिंगच्या पिना बघा. बडच्या बुडाशी दोन-तीन सोनेरी ठिपके असतात, डबीत त्यांच्यासमोर बारीक टोकं. घामानं त्यावर हिरवट-काळा थर चढतो आणि डबीत ठेवलेला बड चार्ज होतच नाही. एक बड चार्ज, दुसरा मेलेला, आणि फोनवर तरी ‘कनेक्टेड’, कारण जिवंत असलेल्यानं फोनशी ओळख दाखवलेली असते. कोरड्या कापसाच्या काडीनं ठिपके पुसा. बड नवा असेल तर पिनांवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, ती काढली का ते बघा. ती पट्टी न काढता परत करायला आलेले बड मी पाहिले आहेत.

कानात घातल्याचं ओळखून गाणं सुरू करणारे बड असतील तर त्यांच्या पोटाशी एक काळा ठिपका असतो, तो सेन्सर. तो मळला, की बडला वाटतं आपण कानाबाहेर आहोत, आणि गाणं थांबतं. कोरड्या कापडानं पुसा. नाहीच जमलं तर कंपनीच्या अॅपमधून ती सोय बंद करून बघा.

उन्हाचं स्वतंत्र सांगायला हवं. २०२४च्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर नागपूरची बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सरच बिघडला होता. ५६ खोटे ठरले, पण ४५ आपल्याला नवे नाहीत. एअरपॉड्सच्या सूचनांत ० ते ३५ अंशांत वापरा आणि ४५च्या वर ठेवू नका असं आहे. म्हणजे मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीची डिक्की त्यात बसतच नाही. बडमधली लिथियमची बॅटरी नखाएवढी, गरमीनं तिची ताकद लवकर उतरते. तापलेली डबी लगेच चार्जिंगला लावली तर ती चार्जिंग थांबवते किंवा उशिरा घेते. आधी सावलीत गार होऊ द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

पावसात भिजलेला बड तांदळात पुरू नका, तांदळाचं पीठ जाळीत बसतं. हेअर ड्रायरही नको. सुक्या कपड्यानं टिपा, जाळी खाली करून हवेत ठेवा, आणि ओला असताना डबीत तर मुळीच घालू नका, पिना खराब होतात.

हे सगळं करूनही आवाज नाही, तर दुसऱ्या एखाद्या फोनला जोडून बघा. तिथंही मुका असेल तर बड गेला. आणि तिथं बोलला, तर तुमच्या फोनचं ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ शेवटचा उपाय म्हणून करा. त्यानं फोटो जात नाहीत, पण सगळे वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात, म्हणून घरचा पासवर्ड आधी लिहून घ्या.

मेलेला बड उघडून दुरुस्त करा म्हणून मला आग्रह होतो. मी नाही म्हणते. ते गोंदानं चिकटवलेले असतात, उघडले की पहिल्यासारखे बंद होत नाहीत, आणि स्वस्त जोडीत मजुरी नव्या जोडीच्या जवळ जाते. वॉरंटी असेल तर उघडायला कुणाकडंच देऊ नका. बिल, खोकं आणि डबीवरचा अनुक्रमांक जपा, दोन्ही बड आणि डबी असं सगळं सोबत घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. ‘आवाज नाही’ एवढंच सांगितलं तर ते रीसेट करून परत देतात. सुराची परीक्षा, दुसऱ्या फोनवरची परीक्षा आणि कोणता कान मुका, हे तिन्ही कागदावर लिहून द्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार करताना बिलाचा फोटो हाताशी ठेवा.